दोन सीटची घोरपड

दसऱ्याला आमच्या दारात नवी गाडी आली. मी ओवाळायचं ताट घेऊन पुढं झाले आणि बॉनेटच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेले, तर माझा हात तिथवर पोचेचना. टाचा उंच केल्या, पदर खोचला, तरी न्हाय. लेक वर बसून काचेतून हसतोय. ओसरीवरनं सासरे म्हणाले, "सूनबाई, शिडी लाव शिडी!" अख्खी आळी जमलेली. मला असा राग आला म्हणता! म्हटलं, ही गाडी आणलीय का दुमजली घर? शेवटी नवऱ्यानं स्टूल आणलं आणि मी स्टुलावर चढून गाडीची पूजा केली.

आणि शेजारीच, शेडमधे, आमची घोरपड उभी होती. तिचं बॉनेट माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतं. तिला हळदकुंकू लावायचं तर वाकावं लागतं, तुळशीला लावताना वाकतो तसं.

घोरपड म्हणजे आमची जुनी गाडी. तांबडी, दोन सीटची, डोक्यावर कापडी टप, तोही उघडून मागं दुमडायचा. जमिनीला चिकटून चालते म्हणून गावानं तिचं नाव घोरपड ठेवलं. तिच्यात चढायचं नसतं, विहिरीत उतरल्यागत उतरायचं असतं. आत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर. वाटेतली कुत्री डोळ्याला डोळा भिडवून बघतात. उसाची ट्रॉली शेजारून गेली की मान वर करून तिचं चाक बघावं लागतं. पण एकदा पळायला लागली की असं वाटतं, आपणच पळतोय, गाडी नुसती निमित्ताला आहे.

ती आमच्याकडं आली त्याला माझ्या लग्नापेक्षा जास्त वर्षं झाली. आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा इंदापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथल्या एका साहेबाची ही हौसेची गाडी. परदेशातनं बोटीनं आणलेली म्हणे. साहेब कायमचे निघाले तेव्हा त्यांनी ती आबांना दिली, कारण तिच्या पोटात काय दुखतंय हे आबांशिवाय कुणाला कळत नव्हतं. आबा तिला घेऊन घरी आले तर आमच्या आजेसासऱ्यांनी कपाळावर हात मारला. घरात बारा-तेरा खाणारी तोंडं, आणि ह्या बहाद्दरानं गाडी आणली दोन सीटची!

मला तर आता याचंच हसू येतं. तेव्हा घर भरलेलं आणि गाडी दोन सीटची. आता घरात माणसं चार, मी, नवरा, लेक आणि आबा, आणि गाडी आलीय सात सीटची. रस्ता तेवढाच, बांध तेवढाच, माणसं कमी झाली आणि गाड्या मात्र दरसाल फुगतायत. लग्नाला जावं तर कार्यालयासमोर नुसत्या हत्तींच्या रांगा. एकेका हत्तीतनं एकेकच माणूस उतरतो, तोही फोनवर बोलत.

मला गाडी शिकवली ती आबांनी. उगीच लाडानं नव्हे हं, गरज होती म्हणून. आबांना मोतीबिंदू झाला, बारामतीला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, आणि घरात घोरपडीत मावणारं दुसरं कोण? आमचे हे चांगले ताडमाड. बसले की गुडघे कानाला लागतात. आबा बुटके, मी त्यांच्याहून बुटकी. आबा म्हणाले, "हिच्यात तूच बसतीस. चल." पडीक रानात घेऊन गेले. मी चार-दोनदा ढेकळात घातली, एकदा बाभळीला टेकवली, पण म्हातारा एका शब्दानं ओरडला नाही. नुसतं म्हणायचे, "क्लच हळू सोड. दुधाचं पातेलं उतरवतीस तसं." कळलं मला लगेच.

मग काय! आबांचे डोळे बरे झाले, पण गाडी माझ्या हातात राहिली ती राहिलीच. इंदापूरचा बाजार, बारामतीला बहिणीकडं, डाळिंबाच्या औषधाला, सुप्याच्या मावशीकडं, कुठंही. आबांचे गुडघे गेल्यावर तर त्यांनी स्टेअरिंगला हात लावायचं सोडलंच. आणि दोन सीटच्या गाडीची एक गंमत सांगते. तिसरं माणूस बसतच नाही. "मला पण येऊ द्या," "एवढं पोतं तेवढं टाका," "ह्या पोराला शाळेपाशी सोडा," असलं काही चालत नाही. जागाच नाही तर काय करणार? मोठ्या घरात दिलेल्या बाईला असं एकटीनं जायला मिळणं म्हणजे काय, ते मोठ्या घरात दिलेल्या बाईलाच ठाऊक. मी डोक्याला रुमाल बांधायची आणि कालव्याच्या रस्त्याला लागले की मोठमोठ्यानं गाणी म्हणायची. भसाडी म्हणते मी, पण ऐकायला कोण होतं?

नव्या गाडीचं कसं ठरलं तेही ऐका. लेक लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात आहे. हौशी, आणि मनानं चांगला. म्हणाला, "आबांना दवाखान्यात न्यायचं तर घोरपडीत बसवायला दोघं आणि बाहेर काढायला चौघं लागतात. मोठी गाडी घेऊ." खरंच होतं ते. नवरा आणि तो बारामतीला शोरूमला गेले, गाडी पसंत पडली. मग प्रश्न आला शेडचा. शेडमधे घोरपडीच्या शेजारी ही बसेल का?

आता शोरूममधे गाडीचं माप छापलेला कागद मिळतो. टाय लावलेल्या पोरानं तो दिलासुद्धा. पण आमच्या ह्यांचा कागदावर विश्वास नाही. "छापल्यालं माप म्हंजे इकणाऱ्याचं माप. आपलं माप आपल्या हातानं." असं म्हणून त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि त्या चकचकीत गाडीला कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजायला सुरुवात केली. शोरूमची माणसं बघतायत, लेक शरमेनं दुसऱ्याच गाडीत जाऊन बसलाय. मग त्यांनी घरी फोन लावला. "आबा, शेड किती हात रुंद हाय, मोजा बरं." आबांनी काठी टेकत टेकत जाऊन शेड मोजली. स्वतःच्या हातानं. आणि दोन्ही मापं जुळवून बापलेकांनी ठरवलं, आरामात बसतीया, वर जागा उरतीया.

आलं का लक्षात? एकाचा हात ताडमाड माणसाचा आणि दुसरा माझ्या सासऱ्याचा! लांब हातानं गाडी लहान मोजली गेली आणि आखूड हातानं शेड मोठी. ह्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेततळं, गोठा, मांडव सगळं हातानंच मोजत आलेत. पण तेव्हा मोजणारा एकच असायचा.

तर दसऱ्याला पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. लेक स्टेअरिंगवर, नवरा शेजारी, आबांना तिघांनी उचलून मागं बसवलेलं. गाडी ऐटीत शेडमधे शिरली. बायका ताटं घेऊन बाहेर उभ्या. आम्ही वाट बघतोय, आता उतरतील, मग उतरतील. कुणी उतरेचना. डावीकडचं दार उघडलं की घोरपडीला लागतंय, उजवीकडचं उघडलं की भिंतीला. फटीतनं नवऱ्याचा फक्त पंजा बाहेर आला आणि परत आत गेला. आतनं आबांचा आवाज, "आरं, घोरपडीला लागंल! हळू!"

लेक म्हणाला, मागं घेतो. मागं घ्यायला गेला तर गाडी किंचाळायला लागली. टीं टीं टीं! हातभर हलायची आणि आपोआप गच्च थांबायची. नवऱ्यानं हौसेनं मागं झेंडूचा ढीगभर हार घातलेला, तो लोंबत होता बरोबर तिच्या कॅमेऱ्यापुढं. गाडीला वाटलं, मागं कोणीतरी आहे. फारच शहाणी गाडी! हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत आमचे हे नव्या पांढऱ्या कपड्यांत सीटा ओलांडून, आबांच्या अंगावरनं, डिकीतनं बाहेर पडले. सगळ्या आळीसमोर. डिकीचं दार वर जातंय आणि आतनं टोपी सावरत गावचा माजी सरपंच रांगत येतोय. बायका पदर तोंडात घालून हसत होत्या आणि मी हसता हसता ताटासकट खाली बसले. मी हार काढला, तेव्हा कुठं गाडी निमूट बाहेर आली. आबा मागच्या सीटवर राजासारखे बसलेले. म्हणाले, "झ्याक हाय. पर हिच्यातनं बाहीर यायला जन्म जाईल."

दुसऱ्या दिवशी टेप आणून मोजलं. मग बापलेकांचं भांडण, कुणाचा हात खरा. पण हात कुणाचाही असो, दोन्ही गाड्या एका शेडमधे बसत नव्हत्या. शेड वाढवायची तर एका अंगाला कांद्याची चाळ, दुसऱ्या अंगाला भावकीचा बांध. आमच्याकडं माणूस एक वेळ चाळ हलवील, पण बांधाच्या वाटेला जाणार नाही. नवी गाडी चिंचेखाली उभी राहिली आणि बगळ्यांनी तिला आठ दिवसांत चुन्यानं सारवल्यागत केली. लेक रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचा आणि धुसफुसायचा. शेवटी एके दिवशी जेवताना म्हणाला, "नवी गाडी उन्हात आणि जुनी सावलीत, हे काय खरं नाही. घोरपड देऊन टाकू. पुण्याचा एक जण जुन्या गाड्या गोळा करतो. फोटो पाठवलेत, त्याला पसंत आहेत."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

आबांनी ताटावरनं मान वर केली नाही. "बघा बाबा," म्हणाले. "तुमी शिकल्याली माणसं."

लेकानं माझ्याकडं बघितलं. "आई, तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं? मला वाटत होतं, हे ताट उचलून भिंतीवर मारावं! घोरपड गेली की माझं चालवणं संपलं. नवी गाडी मला कुणी देणार नव्हतं. एकदा बसून बघितलं होतं, तर स्टेअरिंगच्या मागं मी दिसतच नाही. गाव म्हणेल, गाडी भुतानं चालवलीय. लेक तर आधीच म्हणाला होता, "आई, तू मागं निवांत बस. आता कशाला त्रास?" म्हणजे मी परत मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन, दुसरा नेईल तिकडं. पण आमच्या घरात थोरल्या माणसाच्या वस्तूबद्दल सुनेनं पुढं होऊन बोलायचं नसतं. मी म्हटलं, "आबांची गाडी हाय. आबा म्हणतील तसं."

आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ताक मागितलं.

त्यानंतर दिवाळी होईपर्यंत मी घरात नुसती भांडी आपटत होते. मला वाटायचं, म्हातारा आतनं तुटलाय, पण नातवापुढं बोलत नाही. आज नाही म्हणतील, उद्या म्हणतील. ते एकदा नाही म्हणाले की मग बघा, मी कशी उभी राहते पाठीशी. पण आबा रोज संध्याकाळी शेडमधे खुर्ची टाकून घोरपडीपाशी बसायचे आणि अंधार पडला की उठून जेवायला यायचे.

पुण्याचे गृहस्थ आले ते मागं गाडी चढवायचा ट्रेलर घेऊनच. माणूस सभ्य. घोरपडीभोवती त्यांनी प्रदक्षिणा घातली, वाकून खालनं बघितलं, बॉनेटवर हळूच हात ठेवला. मला म्हणाले, "मावशी, एक फेरी मारून बघता येईल का?" मावशी म्हणे! त्याचे कानाजवळचे केस माझ्यापेक्षा पांढरे.

फेरी मारणार कोण? नवऱ्याचे गुडघे, लेकाचे गुडघे. त्या दोघांना तिचा गिअर तरी कुठं पडतो? मी रुमाल बांधला आणि उतरले तिच्यात. पाहुणे शेजारी. लेक आणि हे नव्या गाडीतनं मागनं निघाले, पाहुण्याला सोबत म्हणून.

आता तुम्हाला खरं सांगते. मी मनात ठरवलं होतं, हिला आज अशी चालवायची की ह्यानं हात जोडून परत जावं. गिअर करकरवायचे, खड्ड्यातनं घालायची, चढाला बंद पाडायची. एवढं केलं असतं तरी काम झालं असतं. पहिला गिअर टाकला आणि मुद्दाम क्लच झटक्यानं सोडायला गेले, तर पाय ऐकेचना. दुधाचं पातेलं उतरवावं तसा हळूच सुटला. गाडी लोण्यासारखी निघाली. म्हटलं, बरं, पुढं बघू. पुढं कालव्याचा रस्ता लागला. गाळप चालू झालेलं, उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्ताभर झुलत चाललेल्या, वर गाणी लावलेली. एका ट्रॅक्टरवाल्यानं जरा बाजूला घेऊन पुढं जायला हात केला. मागनं आमचे दोघं हत्तीत अडकून हॉर्न वाजवतायत, त्यांना तेवढी वाट पुरेना. मी घोरपड त्या फटीतनं अशी अलगद काढली म्हणता! दुसरा गिअर, तिसरा, वळण, पुन्हा दुसरा. इंजिनचा आवाज कालव्याच्या पाण्यावरनं परत येतोय. माझा रुमाल फडफडतोय. ट्रॉलीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. विकायची गाडी आहे, शेजारी गिऱ्हाईक आहे, सगळं विसरले. आयुष्यात इतकी सुंदर मी कधी चालवली नव्हती. पाहुणे सुरुवातीला दाराला धरून बसले होते, नंतर लहान पोरासारखे हसायला लागले.

अंगणात येऊन थांबले तेव्हा ते म्हणाले, "काय गाडी ठेवलीय हो! ठरलं. आजच नेतो."

म्हणजे गाडी मीच विकली. माझ्या हातानं, माझ्या तोऱ्यानं. स्वतःलाच दोन थोबाडीत माराव्यात असं झालं.

नवरा आणि लेक मागनं पोचले. दोघं गाडीतनं उतरून माझ्याकडं असे बघत होते की जशी मी कोणी परकीच बाई आहे. ट्रेलरची फळी खाली आली. आबा काठी टेकत ओसरीच्या कडेला येऊन उभे राहिले. पाहुण्यांनी हात पुढं केला. "किल्ली द्या, मावशी."

किल्ली माझ्या मुठीत होती. मूठ उघडेना. मी आबांकडं बघितलं, आता तरी बोला म्हणून. आबा माझ्याकडं बघत होते.

"न्हाय," मी म्हटलं.

"आँ?" नवरा म्हणाला.

"न्हाय द्यायची गाडी! ट्रेलर घेऊन जा, पाहुणे, तुमचा काय दोष न्हाय. चहा घ्या आणि जा. त्या हत्तीला चिंचेखाली बांधा न्हायतर माळावर बांधा. माझी गाडी शेडमधनं हलायची न्हाय!" बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले. माझी गाडी. सासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर. डोक्यावरचा रुमाल काढून पदर घेतला आणि आबांपुढं गेले. "आबा, चुकलं असंल तर पाया पडते. गाडी तुमची हाय, पण..."

"माझी?" आबा म्हणाले. "माझी आसती तर कवाच दिली आसती की. माझं गुडघं गेलं, मला काय करायची ती? तुझी गाडी मी कशी इकू? तू कवा तोंड उघडतीस म्हून दसऱ्यापास्नं वाट बघतुय."

"मग सांगायचं की तसं!" मी ओरडलेच. सासऱ्यावर. जन्मात पहिल्यांदा. "एवढे दिवस जीव टांगणीला लागला माझा! एक शब्द बोलला असता तर?"

"मी बोललो आसतो," आबा म्हणाले, "तर ती माझीच ऱ्हायली आसती."

मला रडूच फुटलं, आणि पाहुण्यांना चहा टाकायचाय म्हणून मी आत पळाले.